हातात किती पडतो?

तो स्वयंपाकघरात शिरला की आधी फडकं उचलायचा आणि नाकाला लावायचा. ओटा, फ्रीज, पिठाचे डबे हे सगळं नंतर. आधी ते ओट्यावरून, टेबलांवरून आणि वेळ पडली तर ताटांवरूनही फिरणारं ओलं फडकं. डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायचा आणि विचारायचा, "भांडी कोण घासतं इथं?" भांडी घासणारं माणूस हात पुसत पुढं आलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "हातात किती पडतो?"

पगार, असं त्याला म्हणायचं असायचं. पण तो शब्द तो गाळायचा, आणि गंमत म्हणजे समोरच्याला तो बरोबर कळायचा.

तुम्ही म्हणाल, पालिकेच्या माणसाला ह्या चौकशा कशाला? मीही तेच म्हटलं होतं, आणि तेही चांगलं आवाज चढवून.

घणसोली गावात आमची खाणावळ आहे. खाली खाणावळ, मधल्या मजल्यावर आम्ही आणि वर भाड्याच्या खोल्या. आमच्या सासऱ्यांनी भातशेतीच्या बदल्यात आलेल्या पैशातून हे घर उभं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या दाराला अंगण होतं, आता तिथं पाच टेबलं आहेत. ऐरोलीकडच्या कंपन्यांतली मुलं जेवायला येतात. भांडी घासायला हिराबाई, बाकी सगळं मी, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला माझ्या सासूबाई. अशा घरात तो पहिल्यांदा आला तो खांद्याला रेक्झिनची बॅग आणि गळ्यात ओळखपत्र लटकवून. पालिकेचा आरोग्य निरीक्षक. डास, कचरा, पिण्याचं पाणी आणि आमच्यासारख्यांची स्वयंपाकघरं ही त्याची कामं.

त्यानं फडकं हुंगलं, हिराबाईला तिचा पगार विचारला. ती बिचारी घाबरून खरं तेच बोलली. तो विचारात पडला.

"पगार तर बरा आहे," तो म्हणाला. "मग वास का येतोय?"

"पालिकेनं आता आमचे पगार पण तपासायचं ठरवलंय का?" मी विचारलं.

"नाय काकी. पण माझा अनुभव आहे. जिथं भांडी घासणाऱ्याला नीट पैसे मिळतात, वेळेवर मिळतात, तिथं फडकं स्वच्छ असतं. जिथं नाय मिळत, तिथं तो कशाला साबण लावत बसेल? तुमचं गणित जुळत नाय." आणि मग हिराबाईकडे वळून, "मावशी, साबण कुठंय?"

हिराबाईनं मान खाली घातली. साबण सासूबाईंच्या कपाटात कुलूपबंद होता. आठवड्याला अर्धी वडी सुरीनं कापून देण्याचा त्यांचा नियम होता आणि तो माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा. तो सरळ जाऊन सासूबाईंच्या समोर उभा राहिला. सासूबाई कपाटाला पाठ लावून बसल्या.

"यो कोन मोठा लागून गेला माजा कपाट उघरनारा? साबन काय फुकट येतंय?"

"आजी, साबण फुकट येत नाय. पण जुलाब पण फुकट जात नायत," तो शांतपणे म्हणाला, नोटीस लिहून माझ्या हातात ठेवली आणि चहाला नाही म्हणून निघून गेला. दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं. भाजीत मीठ दोनदा पडलं.

आठवड्यानं तो परत आला, फडकं हुंगलं आणि त्याचा चेहरा उजळला. साबण आता ओट्यावर होता. मधल्या काळात सासूबाईंशी माझं काय झालं ते इथं सांगत नाही. पण त्या दिवसापासून त्या त्याच्यावर रुसल्या आणि त्या रुसव्यातच कधीतरी त्यांचा त्याच्यावर जीव जडला. तो दोन आठवडे फिरकला नाही की मलाच विचारायच्या, "तो फरकं हुंगनारा का नाय आला?"

मग तो येतच राहिला. त्याच्या हद्दीत आमची गल्ली होती, आणि दुपारी जेवणं उरकल्यावर बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं टेकायची त्याला सवय लागली. पण तपासायच्या जागेचं पाणीसुद्धा तो प्यायचा नाही. बॅगेतून स्वतःची बाटली काढायचा. सासूबाईंना तो अपमान वाटायचा. मला मात्र त्याचं कौतुकच वाटायचं, कारण त्याच्या आधीचा निरीक्षक दर खेपेला चार पोळ्या आणि बोंबील खाऊन जायचा.

बाकावर बसूनही त्याचा प्रश्न सुरूच असायचा. आमच्याकडे जेवणारी मुलं पगाराचा आकडा वर्षाच्या हिशेबानं आणि इंग्रजीत सांगायची. हा हात हलवायचा. "ते कंपनीच्या कागदावरचं नको रे. हातात किती पडतो?" मग मुलगा जरा बारीक होऊन खरा आकडा सांगायचा आणि हा त्याच्या पाठीवर थाप मारायचा. कुणाला राग आलेला मी पाहिला नाही. विचारण्यात खवचटपणा नव्हता. दुसऱ्याचं बरं चाललंय हे ऐकून ज्यांना खरोखर बरं वाटतं अशी माणसं तुम्ही पाहिली असतील, पण फार नाही.

स्वतःचा पगार मात्र तो आकड्यात सांगायचा नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "सगळ्यांचं काढतोस, तुझं सांग की."

"काकी, आमच्या लायनीत पगार माशांत मोजतात," तो म्हणाला, आणि मग त्यानं आम्हाला जे सांगितलं ते सासूबाईंना आजही पाठ आहे.

निरीक्षकाच्या डिप्लोम्याला त्याच्या वर्गात होते ते सगळे मित्र आता जिथं तिथं पांगले होते. काम सगळ्यांचं एकच. तेच डास, तीच गटारं, तीच हॉटेलं. पण जो मोठ्या शहरात कायम नोकरीत लागला, त्याला घरभाड्याचा भत्ता मोठा. त्याचा पगार पापलेट. जो रत्नागिरीकडे छोट्या नगरपरिषदेत कायम झाला, त्याचा भत्ता कमी, म्हणून त्याचा पगार सुरमई. पण खोलीचं भाडं तिथं नावापुरतं, त्यामुळे तो ती सुरमई स्वतःच्या अंगणात बसून खातो. एक विदर्भात आहे, तो माळकरी, त्याचा पगार वांग्यात मोजावा लागतो, पण भरपूर वांगी. "आणि मी इथं ठेक्यावर," तो म्हणाला. "शहर पापलेटचं, भाडं पापलेटचं, पगार बांगडा. महिन्याच्या शेवटी सुकट."

"आनि तुजे लोक तिकडं दुबईला जातान, तेंचा?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडे रोज रावस, आजी. पण एकट्यानं खायचा."

"शी," सासूबाई म्हणाल्या. "एकट्यान खाल्ल्यालं म्हावरं आंगाला लागतं का?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

तो रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका मुसलमान कुटुंबातला. त्यांच्या गावात ज्या घराला दोन मजले आहेत त्या घरातला पुरुष आखातात असतो, असं तो म्हणायचा. त्याचे वडील उमेदीची सगळी वर्षं तिकडेच होते. एका मोठ्या कंपनीच्या कामगारांच्या मेसमध्ये भांडारात. दोन वर्षांनी एकदा यायचे, पेटीभर साबण, अत्तर आणि मिठाई घेऊन. "आमचं घर मोठं होतं काकी," तो एकदा म्हणाला. "अब्बांचा पगार पण मोठा होता. अब्बा तेवढे लहान होते. पोस्टकार्डाएवढे. आईनं शोकेसमध्ये लावलेल्या फोटोएवढे." वडील कायमचे परत आले तेव्हा हा कॉलेजात होता आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचायचं नाही. दोघं एकमेकांना फक्त "जेवलास का", "जेवलात का" एवढं विचारायचे. वर्षभरात वडील गेले.

त्याची मुलगी जन्मली त्या दिवशी त्यानं बायकोला सांगितलं होतं की मी कुठंही जाणार नाही. बांगडा तर बांगडा. खांदेश्वरला दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट, बायको एका खाजगी शाळेत शिकवायची, आणि हा रोज संध्याकाळी घरी. एवढंच त्याला हवं होतं. कायम नोकरीची भरती निघेल, आपण तिच्यात बसू आणि आयुष्यभर मुलीसमोर बसून जेवू. दुसरी कुठलीही हाव त्या माणसाला नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

पण हुशारीची मात्र त्याला घमेंड होती. त्याचा सगळ्यात मोठा तमाशा त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात झाला. त्यानं आग्रहानं बोलावलं होतं म्हणून मी होते तिथं, त्याच्या सासरच्या गावी. मंडपात तीनशेक माणसं, उन्हाचा कहर, आणि गुलाबाच्या सरबताचं मोठं पिंप भरत होते. टँकरचं पाणी बघून ह्याला राहवेना. खिशातून छोटी बाटली काढली, पेल्यात साधं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. पाण्यात औषध असेल तर ते पिवळं होतं. हे झालं नाही. झालं, हा पिंपासमोर हात पसरून उभा राहिला.

"कुणी प्यायचं नाय!"

त्याचे सासरे म्हणाले, "जावईबापू, अहो लगीन हाय!"

"लगीन आहे म्हणूनच! तीनशे माणसं आहेत!"

मग ह्यानं कुठूनतरी पावडर पैदा केली, पाण्यात ढवळली, अर्धा तास घड्याळ बघत पिंपाची राखण केली आणि परत दोन थेंब टाकून पाणी पिवळं झाल्यावरच सरबत मिसळू दिलं. नवरदेवासकट आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी गुलाबाच्या सरबतात दवाखान्याचा वास प्यायला. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, असं नंतर कळलं.

त्या मेव्हण्याला मात्र हे फार आवडलं. तो आखातातून लग्नापुरता आला होता. जेवताना मोठ्यानं म्हणाला, "दुल्हाभाई, हेच तिकडं येऊन करा ना! आमच्या कंपनीला असाच माणूस पायजे. हजारो कामगारांची किचनं हायत. हेच फडकं, हेच पाणी. इथल्या चौपट हातात पडेल." सगळे हसले. ह्यानंही हसून पुलाव पुढं सरकवला. पण ती ऑफर चेष्टेतली नव्हती, आणि ते त्याला कळलं होतं.

तो वर्षभर नाही म्हणत राहिला.

त्या वर्षात ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं सगळ्यांचा पगार थोडा उतरवला आणि तोही दोन-तीन महिन्यांनी एकदा देऊ लागला. शेजारच्या पालिकेत ह्याच कामाला ठेकेदार जरा बरे पैसे देत होता. मधे एक नाला. अलीकडच्या डासाला कमी भाव, पलीकडच्या डासाला जास्त, असं तो म्हणायचा. पण तिकडे जागा नव्हती. खांदेश्वरच्या घरमालकानं भाडं वाढवलं. बाकावर बसून तो आता कुणाला पगार विचारायचा नाही. फडकं हुंगायचा, बरं आहे म्हणायचा, जायचा. मुलं म्हणायची, "काकी, सर आजारी आहेत का?"

मग एका दुपारी तो आला आणि उन्हातून आल्यासारखा नुसता उभा राहिला.

"काकी, भरतीची जाहिरात आली."

"अरे वा!" मी पोळपाट तसाच सोडला.

"जाहिरात आली, पण मी म्हातारा झालो," तो म्हणाला आणि हसला. वयाची अट होती. इतकी वर्षं तो ज्या जाहिरातीची वाट बघत होता ती निघाली आणि तिच्या हिशेबानं त्याचं वय काही महिन्यांनी उलटून गेलं होतं. ठेक्यावर काढलेली वर्षं कुठं धरतच नव्हते. मला इतका संताप आला की मी नेमकी कुणावर ओरडत होते ते मलाही कळत नव्हतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता पोरगा जानार."

मी त्याला सांगितलं, वरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे, तिथं येऊन राहा, बायकोपोरीला घेऊन. भाडं देऊ नकोस. माझ्या नवऱ्यालाही मी आधी विचारलं नव्हतं, पण सासूबाईंनी मान डोलावली होती, म्हणजे विषय संपला होता. त्यांनी आजवर कुणाला एक महिना भाडं माफ केलेलं मी पाहिलं नव्हतं.

तो म्हणाला, "काकी, मग उद्या तुमच्या फडक्याला वास आला, तर मी काय करू?"

"नाही येणार वास!"

"आला तर?"

मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो मला पोटच्या पोरासारखा वाटला. त्यानं बॅग उचलली. जाताना सासूबाईंच्या पाया पडला. तसं तो कधी करायचा नाही.

तो आखातात, मेव्हण्याच्या कंपनीत जायच्या दिवशी सकाळी मी खांदेश्वरला गेले. सासूबाईंना स्टेशनाचे जिने चढवत नाहीत म्हणून त्या आल्या नाहीत, पण जवळ्याच्या सुक्या चटणीची बरणी त्यांनी पाठवली होती. बिल्डिंगच्या गेटपाशी तो उभा होता. अंगावर रोजचाच निळा शर्ट, खांद्याला तीच रेक्झिनची बॅग. मला वाटलं, जाणं रद्द झालं. मी आनंदानं तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्याची मुलगी शेजारी उभी होती, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. बालवर्ग नुकताच सुटून पहिलीत गेलेली. त्याची बायको, म्हणजे तिची आई, पायरीवर भिंतीला टेकून उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती.

मोठी सुटकेस वॉचमनच्या केबिनमध्ये होती. रात्रीच नेऊन ठेवली होती, मुलीला दिसू नये म्हणून. तिला त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. हळूहळू सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. तिच्यासाठी तो आजही रोजच्यासारखा कामावर चालला होता.

शाळेची व्हॅन आली. त्यानं तिला उचलून आत बसवलं, दप्तराचा पट्टा सोडवला, बाटली तिच्या मांडीवर ठेवली. दार लावता लावता ती म्हणाली, "पप्पा, येताना खारी आणा. त्या बेकरीची. कडक वाली."

"आणतो," तो म्हणाला.

व्हॅन वळेपर्यंत तो हात हलवत राहिला. मग मान खाली घालून वॉचमनच्या केबिनकडे गेला. मी चटणीची बरणी त्याच्या बॅगेत कोंबली. त्याच्याशी बोलायचं म्हणून मी ट्रेनमध्ये काय काय ठरवून आले होते. पण तोंडून निघालं एवढंच, "जेवत जा रे वेळेवर." तो हो म्हणाला. टॅक्सी आली आणि त्याच्या बायकोनं आणि मी मिळून ती सुटकेस डिकीत चढवली.

मी घरी आले, स्वयंपाक केला, दुपारची जेवणं वाढली. मुलांनी सरांबद्दल विचारलं, सांगितलं. संध्याकाळच्या डब्यांची कणीक मळत असताना सासूबाईंना सकाळचं सगळं सांगत होते. खारीचं ऐकल्यावर त्या उठून बसल्या.

"मंग आनली का कोनी?"

"कोण आणणार आता?"

"तो आनतो बोललाय ना? मंग? पोर वाट बगंल." त्या माझ्या हातातली परात ओढायला लागल्या. "तू जा. हिरा करंल पोल्या. जा बोलते ना!"

मी कणकेचे हात धुतले आणि गेले. खांदेश्वरच्या स्टेशनाबाहेर दोन बेकऱ्या आहेत. कुठली ते मला माहीत नव्हतं, म्हणून दोन्हींकडची घेतली. जिना चढून बेल वाजवली तर आतून पळत येणारी पावलं ऐकू आली आणि दार धाडकन उघडलं.

"ही घे," मी म्हटलं. "पप्पांनी पाठवली."

तिनं दोन्ही पुडे छातीशी धरले. मग थोडी बाजूला सरकली आणि माझ्या मागे, जिन्याकडे बघत दारातच उभी राहिली.